सिकल, मूळव्याध आणि आतड्यातला मस

नागपूरच्या कॉटन मार्केटमध्ये भाजीचा ठोक धंदा करणारे एक काकाजी, वय ५४. पहाटे तीनला उठायचं, साडेतीनला बाजारात, नऊपर्यंत माल उतरवून, तोलून, विकून मोकळं. तीस वर्षं हाच क्रम. फेब्रुवारीत घरच्यांसोबत रामटेकला गेले तेव्हा गडाच्या पायऱ्यांवर तीनदा बसावं लागलं. सत्तरीची सासू पुढे निघून गेली, हे त्यांना दम लागण्यापेक्षा जास्त झोंबलं. घरी येऊन रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.८.

माझ्या धंतोलीच्या ओपीडीत ते आले एप्रिलच्या अखेरीस. (त्यांच्या संमतीने लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मधल्या दोन महिन्यांत जे घडलं ते आधी सांगतो, कारण माझ्या मते खरं प्रकरण तिथंच आहे. स्कोप (आत घालायची कॅमेऱ्याची लवचिक नळी), तार, करंट हा सगळा त्यानंतरचा आणि त्या मानाने सोपा भाग.

काकाजी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक. काही वर्षांपूर्वी एका शिबिरात तपासणी झाली होती, कागदावर ‘एएस’ लिहून मिळालं होतं. विदर्भात हे दोन अक्षरं अनेक घरांच्या फायलीत सापडतात. एसएस म्हणजे आजार. एएस म्हणजे दोनपैकी एकच जनुक सदोष, दुसरं काम करतंय. वाहकाचं हिमोग्लोबिन सहसा इतरांसारखंच असतं आणि फक्त वाहक असण्याने ते ७.८ वर येत नाही. पण हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आणि एएसचा कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले असले, की बघणाऱ्याच्या डोक्यात त्यांची जोडी आपोआप जमते.

“सिकल हाय ना जी मले, मंग रक्त तं कमी राहीनच,” काकाजी खुर्चीत बसता बसता म्हणाले. त्यांनी निदान करूनच आणलं होतं.

या जोडीने एक नुकसानही केलं होतं. कुणीतरी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, दुसऱ्या कुणीतरी ‘सिकलवाल्याला लोह द्यायचं नसतं’ म्हणून पंधरा दिवसांत बंद केल्या. ही सूचना हवेतून आलेली नाही. एसएसच्या ज्या रुग्णांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्या शरीरात लोह साठत जातं, त्यांना वरून आणखी लोह देणं चुकीचं. वाहकाला ते लागू होत नाही. त्याच्या शरीरात लोह कमी असेल तर ते द्यायलाच हवं.

आणि यांच्यात ते जवळपास संपलं होतं. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचं माप, ५. तांबड्या पेशींचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, ६६. पेशी लहान आणि फिक्या. हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीत सिकल हिमोग्लोबिन ३० टक्के. वाहकात ते बहुधा पस्तीस ते चाळीसच्या घरात असतं आणि लोह कमी असलं की खाली येतं, त्यामुळे तो आकडाही त्याच दिशेने बोट दाखवत होता. चोपन्न वर्षांच्या, दोन्ही वेळ पोटभर जेवणाऱ्या पुरुषाच्या शरीरातून लोह जातं कुठे? पाळी नाही, बाळंतपण नाही. जायला वाट एकच उरते, अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतची.

“शौचाला रक्त पडतं का?”

“पडते ना कधीमधी. मूळव्याध हाय. सावजी खाल्लं का पडते.”

हे दुसरं निदान. त्यावर चार वर्षांपासून कसलंसं चूर्ण चालू होतं. चार वर्षांत गुदद्वाराची तपासणी एकदाही कुणी केलेली नव्हती, त्यांनीही कुणाला करू दिली नव्हती. मी प्रॉक्टोस्कोप घातला तर मूळव्याध खरोखरच होती, पहिल्या पायरीची, किरकोळ. खरी मूळव्याध सापडली की तपास तिथेच थांबवण्याचा मोह अधिक होतो, खोटी असती तर परवडलं असतं. पिशवीत शौचातल्या सुप्त रक्ताचा एक निगेटिव्ह रिपोर्टही होता आणि त्याने घरचे निश्चिंत झाले होते. लोहाच्या कमतरतेमुळे पंडुरोग आहे हे एकदा ठरलं, की त्या तपासणीने पुढचा निर्णय बदलत नाही. रक्त थांबून थांबून जात असेल तर ती सहज चुकू शकते. स्कोप दोन्ही बाजूंनी करावाच लागतो, वरून आणि खालून.

मुलगा पुण्याला नोकरीत. मी ‘कोलोनोस्कोपी’ म्हणालो तेव्हा तो फोनच्या स्पीकरवर होता. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “कॅन्सर वाटतोय का सर?” काकूंनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. शब्द उच्चारला गेला ते बरंच झालं, कारण मग मोकळेपणाने सांगता आलं. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर कधी कधी मसासारखी वाढ होते. तिला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप साधे असतात आणि साधेच राहतात. त्यातल्या अ‍ॅडेनोमा जातीच्या काहींमध्ये मात्र वर्षानुवर्षं बदल साचत जाऊन पुढे कर्करोग होऊ शकतो, आणि या प्रवासाला बहुधा दहाएक वर्षं लागतात. त्या मधल्या काळात पॉलिप काढला की तो रस्ताच बंद. पोट न उघडता हे करता येतं, त्यालाही आता काळ लोटला. शिन्या आणि वुल्फ या दोघांनी न्यूयॉर्कमध्ये १९६९ साली कोलोनोस्कोपमधून तारेचा फास टाकून पॉलिप कापला, त्याआधी मोठ्या आतड्याच्या वरच्या भागातल्या पॉलिपसाठी पोट उघडण्यावाचून इलाज नव्हता.

हिमोग्लोबिन ७.८ असताना लगेच स्कोप करण्याची घाई नव्हती. नाडी, रक्तदाब ठीक होते. रक्त न चढवता शिरेतून लोह दिलं. दोन आठवड्यांनी ९.४.

तयारीची रात्र

कोलोनोस्कोपीचं यश निम्मं आदल्या रात्रीच्या संडासात ठरतं. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण हसतो.

मे महिना होता, पारा ४५ च्या आसपास. पोट साफ करायचं औषध म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पूड, पाण्यात मिसळून. अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं पहाटे. दोन भागांत घेतलं की आतडं जास्त स्वच्छ होतं, विशेषतः उजवी बाजू. पहाटेचा डोस म्हटला की लोक कुरकुरतात, काकाजींना मात्र त्याचं काहीच वाटलं नाही. “तीनलेच तं उठतो मी.” उन्हाळा आणि सिकलचं वाहकपण दोन्ही एकत्र असल्याने शरीरातलं पाणी उतरू द्यायचं नव्हतं. म्हणून मधल्या वेळात नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, मीठ-साखरेचं पाणी, आणि कूलरसमोरची खाट सोडायची नाही अशी तंबी. लाल सरबत बंद, कारण आत ते रक्तासारखं दिसतं. तीन दिवस आधीपासून पेरू, वांगी, टमाटे, तीळ आणि जवसाची चटणी बंद. हा शेवटचा पदार्थ छापील सूचनांच्या कागदावर कधीच नसतो. पण वैदर्भीय माणसाच्या आतड्यात जवसाचं अर्धवट कुटलेलं दाणं स्कोपच्या नळीत अडकून शोषण बंद पाडतं, हे मी दोनदा भोगलंय. आमच्या कागदावर ते आता हाताने लिहिलेलं आहे.

मॅनिटॉल का देत नाही, असं काकूंच्या ओळखीच्या औषध दुकानदाराने विचारलं होतं. स्वस्त आहे, पूर्वी सर्रास देत. पण आतड्यातले जिवाणू मॅनिटॉल आंबवतात, हायड्रोजन तयार होतो, आणि आम्ही आत वीज वापरणार असतो. पुढचं सांगायला नको.

आत

टेबलावर घेतलं तेव्हा कमरेला काळा करदोडा, त्यात चांदीची पेटी. करंट वापरायचा म्हणजे अंगावर धातू नको. कापायला त्यांचा ठाम नकार. शेवटी सिस्टरनेच गाठ सोडवून तो काकूंच्या हाती दिला. मांडीला करंटची प्लेट, नाकाला ऑक्सिजन, भूलतज्ज्ञांनी प्रोपोफॉल दिलं.

आधी वरून. जठरात तीन-चार मिलिमीटरचे चार-पाच गुळगुळीत, काचेसारखे दाणे, फंडिक ग्लँड पॉलिप. रोज सकाळी उपाशीपोटी आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत हे दिसतात. एकाचा तुकडा तपासायला घेतला, बाकीचे तसेच ठेवले. दिसली वाढ की काप, असा नियम नाही. ती गोळी मात्र बंद करायला सांगितली, कारण तशी गरज नव्हती आणि आम्ल कमी झालं की अन्नातलं लोहही नीट शोषलं जात नाही.

मग खालून. सिग्मॉइडमध्ये, म्हणजे डाव्या बाजूच्या वळणदार भागात, आत शिरतानाच तो दिसला: देठावर लोंबणारं, रासबेरीसारखं खडबडीत, गडद लाल डोकं, टोकाला थोडं रक्त पाझरलेलं. सिस्टर म्हणाली, “सापडलं सर.” मलाही तसंच वाटलं. आणि हीच ती जागा जिथे हात सैल पडतो. कारण मिळालं, आता सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, जाऊन पटकन परत येऊ.

मोठा पॉलिप परत येताना काढायचा असतो. पुढे गेलो, सीकम, मग लहान आतड्याचं टोक, आणि परतीला लागलो. उजवी बाजू एकदा पाहिली, स्वच्छ. नियमाप्रमाणे ती दुसऱ्यांदा पाहतो, त्या दिवशीही पाहिली. चढत्या आतड्यातल्या एका घडीमागे पिवळसर शेंबडाचा पातळ थर होता, पहिल्या फेरीत मी तो उरलेलं औषध समजून सोडला होता. पाण्याचा फवारा मारला, थर निघाला, खाली फिकट, सपाट, कडा न समजणारी ढगासारखी जागा. साधारण ८ मिलिमीटर. सेसाइल सेरेटेड प्रकारची वाढ. ती रक्त गाळत नाही, दुखत नाही, आणि उजव्या बाजूच्या कर्करोगांपैकी काहींची सुरुवात अशाच जागांतून होते. काकाजींच्या अशक्तपणाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. मोठा पॉलिप दिसला नसता तर कदाचित मी पहिल्याच फेरीत तिथे थांबून नीट पाहिलं असतं.

दहा मिलिमीटरपेक्षा लहान सपाट वाढीला करंट लागत नाही. कोल्ड स्नेअर, म्हणजे नुसती बारीक तार. वाढीच्या भोवती निरोगी अस्तराची एक-दोन मिलिमीटरची किनार धरून फास टाकायचा, दाबायचा आणि सरळ कापायचा. थोडं रक्त येतं, मिनिटाभरात थांबतं. करंट नसल्याने भिंतीच्या खोल थरांना चटका बसत नाही, म्हणून नंतरचा रक्तस्राव आणि भोक पडण्याची भीती दोन्ही कमी. तुकडा स्कोपच्या ३.७ मिलिमीटरच्या नळीतून शोषून जाळीत घेतला. आडव्या आतड्यात आणखी एक, ४ मिलिमीटरचा, तोही तसाच निघाला. त्याचा तुकडा जाळीत दिसेना. सिस्टरने शोषलेलं पाणी गॉजमधून गाळलं तेव्हा कडेला चिकटलेला तांदळाच्या कणीएवढा दाणा सापडला. काढलेलं हरवलं तर पॅथॉलॉजिस्टला पाठवायचं काय?

शेवटी सिग्मॉइड. देठाच्या पॉलिपला गरम स्नेअर. देठात रक्तवाहिनी असते, ती जाळून बंद करावी लागते. फास मी जागेवर नेतो, पण आवळणारा हात सिस्टरचा. म्हणून टेबलावरचं बोलणं अगदी तुटक असतं: उघड, थोडी मागे, बंद, हळू, थांब. देठाच्या वरच्या भागात फास बसवला, खाली थोडं देठ शिल्लक राहील असा, म्हणजे रक्त आलंच तर पकडायला काहीतरी हाती असतं. आवळल्यावर डोकं जांभळं पडलं. निळा पेडल, जाळून रक्त थांबवणारा. देठ पांढरं होत गेलं, मग कापणारा पिवळा पेडल, आणि डोकं सुटून खाली पडलं. जाळीत धरून स्कोपसोबतच बाहेर आणलं.

आकार मी १८ मिलिमीटर लिहिला. डोकं २० किंवा त्याहून मोठं, अथवा देठ १० मिलिमीटर वा जास्त जाड असेल तर कापण्याआधीच देठात अ‍ॅड्रेनलिन टोचावं किंवा क्लिप अथवा लूपने देठ बांधावं, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. देठ बारीक होतं, डोकं माझ्या अंदाजाने अठरा. क्लिप लावली नाही.

सहावा दिवस

रविवार रात्री साडेदहाला मुलाचा पुण्याहून फोन. बाबांना तीनदा शौचाला जावं लागलं, नुसतं रक्त आणि गाठी. पुढचं वाक्य: “काल लग्नात सावजी मटण झालं होतं सर, मूळव्याध उसळली असेल का?”

मी लगेच घेऊन यायला सांगितलं. पॉलिप काढल्यावर उशिरा होणारा रक्तस्राव हा बहुधा असाच येतो, पहिल्या दोन आठवड्यांत, जळलेल्या जागेची खपली सुटते तेव्हा. हे संमतीपत्रावर लिहिलेलं होतं, मी तोंडीही सांगितलं होतं. पण ‘शंभरात एखाद्याला’ म्हटलं की ऐकणारा स्वतःला उरलेल्या नव्व्याण्णवांत धरतो, आणि सांगणाराही.

नाडी १०४, रक्तदाब ठीक, हिमोग्लोबिन ८.२. गुडघ्यासाठी दोन दिवस दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी घेतली होती असं काकूंनी हळूच सांगितलं. तेवढ्याने रक्त आलं असं छातीठोक म्हणता येणार नाही. म्हणावंसं मला वाटलं होतं, कारण मग क्लिप न लावल्याचा दोष माझ्यावर येत नाही.

जागा सिग्मॉइडमध्ये असल्याने पूर्ण जुलाब न देता एनिमावर काम भागलं. उरलेल्या देठाच्या टोकावर काळी गाठ, तिच्या बाजूने संथ, लाल रेघ. गाठीभोवती १:१०,००० तीव्रतेचं अ‍ॅड्रेनलिन टोचलं, अस्तर फिकं पडलं, रेघ थांबली. मग देठावर दोन क्लिप. वीस मिनिटं. काकाजी एक रात्र राहिले, रक्त चढवावं लागलं नाही. क्लिप काही आठवड्यांत आपोआप गळून शौचावाटे जातात. तोवर एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगायचं, एवढं पथ्य.

काकाजींनी सकाळी विचारलं, “हे चिमटे तुमी त्याच दिवशी काऊन नाही लावले?”

मी आकाराचं, देठाचं, सूचनांचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. भाजी हाताने उचलून वजन सांगणारा माणूस. अंदाज चुकतो कसा हे त्यांना मी शिकवायची गरज नव्हती.

रिपोर्ट

पॅथॉलॉजीचा कागद मंगळवारी आला. सिग्मॉइडचा पॉलिप ट्युब्युलोव्हिलस अ‍ॅडेनोमा, बदल सौम्य दर्जाचे, देठाची कापलेली कड मोकळी, कर्करोग नाही. चढत्या आतड्यातला सेसाइल सेरेटेड, विकृती नाही. तिसरा साधा ट्युब्युलर अ‍ॅडेनोमा. जठरातला दाणा अपेक्षेप्रमाणेच.

मोठ्या पॉलिपच्या डोक्याचं माप पॅथॉलॉजिस्टने १९ मिलिमीटर दिलं होतं. फॉर्मॅलिनमध्ये ऊतक थोडं आकसतं. म्हणजे आतड्यात असताना तो वीसचा किंवा वरचाच असणार. स्कोपच्या पडद्यावर आकार नजरेने ठरवण्यात आम्ही सगळेच कमीजास्त चुकतो; आता देठाच्या पॉलिपशेजारी मी उघडा स्नेअर धरून मापतो, आणि शंका असली तर क्लिप लावून मोकळा होतो. क्लिप महाग आहे. रविवारची रात्र त्याहून महाग पडली, तीही काकाजींच्या खिशाला.

पुढची कोलोनोस्कोपी तीन वर्षांनी, कारण एक अ‍ॅडेनोमा १० मिलिमीटरपेक्षा मोठा आणि व्हिलस, म्हणजे बोटांसारख्या उंचवट्यांचा, भाग असलेला. नुसतेच एक-दोन लहान ट्युब्युलर निघाले असते तर सात ते दहा वर्षं वाट पाहता आली असती. मुलाने विचारलं, मी पण करून घेऊ का? तो २७ चा. वडिलांना साठीच्या आत असा अ‍ॅडेनोमा निघाला म्हणून त्याने चाळिशीला सुरुवात करावी, त्याआधी काही त्रास झाला तर तेव्हाच. आपल्याकडे तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी सरकारी तपासणी कार्यक्रम आहे, मोठ्या आतड्यासाठी नाही. या आजाराचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा इथे कमी आहे, त्यामुळे ते समजण्यासारखंही आहे. पण मग घरातल्या एकाच्या रिपोर्टवरून बाकीच्यांना गाठणं एवढाच मार्ग उरतो. काकाजींचा धाकटा भाऊ ४९ वर्षांचा, उमरेडला असतो. त्याला बोलवा, म्हटलं.

ऑगस्टमध्ये काकाजी तपासणीला आले. हिमोग्लोबिन १३.६, फेरिटिन वर आलेलं. एएस अर्थातच जसं होतं तसंच. सोबत संत्र्याची बर्फी आणि भाऊ. भावाला खुर्ची पुढे ओढून दिली आणि स्वतः दाराशी उभे राहिले.

“बोला,” मी म्हटलं.

“मले काई नाही जी,” भाऊ म्हणाला. “हा जबरदस्ती घेऊन आला. थोडी मूळव्याध हाय फक्त.”

दाराशी उभे असलेले काकाजी माझ्याकडे बघून हसले. मी हातमोजे घातले.